पूजेची गोळी

दरवर्षी भाद्रपद लागला की माझ्या सासूबाई जबलपुरातल्या गोरखपूरच्या बाजारात एक मोठी चक्कर मारायच्या. हळद-कुंकू, कापसाची वस्त्रं, खण, नारळ, खारका आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, हे सगळं त्यांच्या एकाच पिशवीतून घरी यायचं. मेडिकलच्या दुकानात त्या फुलवाल्याकडे उभं राहावं इतक्या सहज उभ्या राहायच्या. "भैया, वो पूजावाली गोली देना," एवढं म्हटलं की पुरे. चिठ्ठी कोणी मागायचं नाही, कोणासाठी हवी हेही कोणी विचारायचं नाही. घरातल्या ज्या बाईची तारीख महालक्ष्म्यांच्या आसपास यायची, तिच्या हातावर ती पट्टी ठेवली जायची. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच वर्षी माझ्या हातावर ठेवली गेली. कुंकवाच्या करंड्यासोबत.

आमच्या घराण्याला वर्ध्याकडून जबलपूरला येऊन तीन पिढ्या झाल्या. दारात हिंदी, आत मराठी, अशी आमची राहणी. बाकी पुष्कळ गोष्टी सुटल्या, पण महालक्ष्म्या सुटल्या नाहीत. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, त्यांच्या पुढ्यात त्यांची लेकरं बसवतात, वर फुलोरा टांगतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि सगळा स्वयंपाक सोवळ्यात. जवळच्या पनागरहून भाज्यांची पोती येतात. एवढं सगळं रांधायचं तर घरातल्या सुनेला त्या दिवसांत पाळी येऊन चालत नाही. पूजेला सून हवी, पण तिची पाळी नको. त्यावर तोडगा म्हणजे ती गोळी.

मी हे का सांगते आहे? कारण याच घरात माझ्या दुसऱ्या गोळीवरून रामायण झालं होतं.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि मी बी.एड.ला प्रवेश घेतला होता. नवरा नोकरीला कटनीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं की माझं बी.एड. होईल, नोकरी लागेल, मग दुसऱ्या मुलाचं बघू. दोघांनी म्हणजे मी बोलले आणि त्यानं मान हलवली. पण हलवली होती. मग मी एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, रक्तदाब बघितला आणि रोज घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट सुरू करून दिलं. मी रोज जेवणानंतर ती गोळी घ्यायचे आणि निश्चिंत पुस्तक उघडायचे. त्या निश्चिंतपणाची गोडी ज्या बाईनं दर महिन्याला कॅलेंडरकडे बघत जीव मुठीत धरलाय तिलाच कळेल.

सासूबाईंना पाकीट दिसलं आणि घरात धरणीकंप झाला.

"ह्या काहून घेऊन राहिली तू? गरम असतात त्या. पिशवी वाळून जाते आतून. पुढं पोर होत नाही, बाई."

नणंदेचा नागपूरहून फोन आला. तिच्या कोणा ओळखीच्या बाईला म्हणे गोळ्यांनी दाढी आली. शेजारच्या काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "औषधांनी शरीर पोकळ होतं." मी सगळ्यांना सांगायचे, डॉक्टरांनी तपासून दिल्यात. ज्यांना चालत नाहीत त्यांना डॉक्टर देतच नाहीत. कोण ऐकतंय! महिनाभर माझ्या ताटात काकडी आणि ताक जास्त पडत होतं, गोळीची गरमी उतरावी म्हणून. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा ना आईंना. तो म्हणाला, "अवं, बायकांच्या गोष्टीत मी काय बोलू?" या गोष्टीत तोही निम्मा होता, पण ते त्याला कधी सुचलं नाही.

तर अशा घरात त्या वर्षीच्या महालक्ष्म्या आल्या. माझ्या पाकिटाचा हिशेब असा होता की पाकीट संपून पाळी नेमकी जेवणाच्या दिवशी येणार. सासूबाईंनी नेहमीची पट्टी आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आजपासून घे. दिवसातून तीन."

"आई, माझी एक गोळी चालू आहे ना."

"मग ती बंद कर. दोन दोन कशाला पोटात टाकतेस? तिच्यानं आधीच गरमी."

"आणि ही गरम नाही?"

"ही पूजेची आहे."

  दोन्ही गोळ्या एकाच दुकानातल्या, एकाच काउंटरवरच्या. दोन्ही माझ्याच शरीराला काहीतरी सांगणाऱ्या. एक मी माझ्यासाठी घेत होते म्हणून ती गरम, आणि दुसरी घराला हवी होती म्हणून ती थंडगार. तरी मी मेडिकलवाल्याला विचारून आले. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता सांगितलं, "हां दीदी, दोनों साथ में मत लो. एक टाइम पे एक." आपण काय विकतो याची त्याला जेवढी माहिती, तेवढीच मलाही मिळाली.

मी सासूबाईंना शेवटचं विचारलं, "आणि या भानगडीत दिवस राहिले तर?"

त्या खळखळून हसल्या. "वेडी आहेस का तू? पाळीच नाही आली तर दिवस कुठून राहतील?"

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या घरातल्या बायकांची ही पक्की समजूत होती. पाळी थांबवली म्हणजे सगळंच थांबलं, दुकान बंद. कोणाला कधी शंका आली नाही, कारण त्या गोळीकडे त्या कामासाठी कोणी बघितलंच नव्हतं. ती पूजेची गोळी होती. डॉक्टरांना फोन करावा हे डोक्यात आलंही होतं, पण पनागरची पोती दारात येऊन पडली, मी माझं पाकीट बंद करून पूजेची गोळी सुरू केली आणि पडवळ चिरायला बसले.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. माझ्या आंबिलीचं कौतुक झालं. नवऱ्यानं रजा वाढवून घेतली होती, घरात पाहुणे होते, गोडधोड होतं, सगळे खुशीत होते. पूजेच्या गोळ्या संपल्या. पाळी आली की नवं पाकीट सुरू करायचं म्हणून मी ते काढून ठेवलं होतं. पाळी आलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळीनं लांबते कधी कधी, येऊन जाईल." मी वाट बघत राहिले. मग एक दिवस कॉलेजातून येताना तपासणीची पट्टी घेऊन आले आणि न्हाणीघरात त्या दोन रेघांकडे बघत उभी राहिले.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पूजेच्या गोळीनं पाळी पुढं जाते. तिच्यावर मूल न होण्याचा भरवसा ठेवायचा नसतो. तुझी रोजची गोळी होती ना, तीच तुला सांभाळत होती."

"पण पाळी तर पुढं ढकलायचीच होती."

"मग मला विचारायचं. तुझं पाकीट संपल्यावर मध्ये न थांबता लगेच दुसरं सुरू करायला सांगितलं असतं. पाळी आपोआप पुढं गेली असती. दुसरी गोळी लागलीच नसती."

मी खुर्चीत बसून होते आणि कानशिलं तापली होती. म्हणजे घराला हवं होतं तेही माझ्याच गोळीनं झालं असतं! महालक्ष्म्याही पार पडल्या असत्या आणि माझं बी.एड.ही. महिनाभर जिला शिव्या घातल्या तीच गोळी दोन्ही कामं करत होती. पण तिचं नाव घरात काढायची सोय नव्हती.

डॉक्टर बाईंनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं. मूल ठेवायचं की नाही हे मी ठरवू शकते, कायद्यानं तो हक्क माझा आहे, कोणाची परवानगी लागत नाही. घाई नाही, पण फार उशीरही करू नको, विचार करून ये. मी म्हटलं, विचार करते. खरंच करणार होते. त्या संध्याकाळी मी फक्त नवऱ्याला फोन करून सांगितलं आणि म्हटलं, शनिवारी आलात की बोलू, तोवर कोणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर घरात खोव्याच्या जलेबीचा डबा उघडा. शेजारच्या काकूंच्या हातात जलेबी, माझ्या मुलीच्या गालाला पाक. त्यानं रात्रीच आईला फोन केला होता.

"महालक्ष्म्यांचा प्रसाद आहे गं," सासूबाई बोटं मोडून माझी अलाबला घेत म्हणाल्या. "देवीनं दिला. तुझ्या त्या गोळ्यांना हरवून दिला."

मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. देवीनं नाही हो, तुम्ही दिलात! पिशवीतून आणून हातावर ठेवलात! पण काकू जलेबी खात होत्या, आणि प्रसादाला नाही म्हणणारी सून मला व्हायचं होतं की नाही हे मला ठरवूच दिलं नव्हतं. मी विचार करायच्या आधी घरानं जलेबी वाटून टाकली. शनिवारी नवरा आला, म्हणाला, "आता सगळ्यांना माहीत झालं. आता कसं करतेस?" कोणी माहीत करून दिलं, हे मी त्याला त्या रात्री आणि नंतर पुष्कळ वेळा विचारलं.

मुलगा झाला तो उन्हाळ्याच्या शेवटी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची शाळेतली इंटर्नशिप पावसाळ्यात होती. माझ्या वर्गातल्या मुली साड्या नेसून शाळाशाळांतून शिकवायला गेल्या आणि मी झबली वाळत घालत राहिले. माझं एक वर्ष गेलं. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, "कोई बात नहीं, अगले साल." घरात तर वर्ष गेलं हेच कोणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण ती नेहमी माझ्या तोंडावर मारली जाते. माझा मुलगा माझा जीव आहे. तो झोपेत हसतो तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसते. आणि म्हणून सगळ्यांना वाटतं की माझा राग आता संपायला हवा. "बघ, आता त्याच्याशिवाय करमतं का तुला?" नाही करमत. म्हणून मला विचारलं नव्हतं ही गोष्ट पुसली जाते का? लेकरावर माया आहे आणि राग घरावर आहे. दोन्ही एकाच बाईच्या पोटात मावतात, मावावे लागतात.

बाळंतपणाच्या खाटेवर पुढचा अंक झाला. मी अजून धड उठून बसलेही नव्हते, तर सासूबाई सिस्टरशी बोलत होत्या. "दोन झाले. आता लगेच ऑपरेशन उरकून घ्या, पुन्हा पुन्हा कशाला झंझट." सिस्टरनंही मान डोलावली. आजवर गोळीनं माझी पिशवी वाळेल म्हणून ज्या घाबरत होत्या, त्यांनाच आता माझ्या नळ्या कापून टाकायची घाई. मला तिसरं नको होतं, हे खरं. पण ते माझ्या उशाशी उभं राहून, माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलून ठरवायचं नव्हतं.

"मी नाही करून घेणार," मी म्हटलं. "आत्ता नाही. मी उठून उभी राहीन, मग माझी मी विचार करीन."

"काहून? सगळ्याच करतात."

"मग यांना सांगा ना. पुरुषांचं तर किती सोपं असतं, टाकेही पडत नाहीत म्हणे."

नवरा दाराशी उभा होता. त्याच्या हातातला थर्मास पडता पडता राहिला. सासूबाई तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी त्यांच्या मुलाला खाईन की काय. "तो नोकरी करतो बाई. त्याला अशक्तपणा आला तर?" बाळंत होऊन मी पडले होते, आणि अशक्तपणाची चिंता त्याच्या नावानं चालली होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. रागानं रडले, दुःखानं नाही.

पुढं दीडेक महिन्यानं मी बाळाला घेऊन त्याच डॉक्टर बाईंकडे गेले. या खेपेला त्यांनी पाकीट काढून दिलं नाही. त्यांनी विचारायला सुरुवात केली. अंगावर पाजतेस ना? रोज आठवणीनं काही घेणं जमेल, की दोन लेकरांच्या रगाड्यात विसरशील? पाळीत त्रास किती होतो? नवरा घरी किती असतो, निरोध वापरतो का? पुढं कधी मूल हवंय का? आणि शेवटी, "घरात तुझ्या औषधाला कोणी हात लावतं का?"

मी हसले आणि मग हसता हसता रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या आयुष्याबद्दल एवढे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. डॉक्टर बाईंनी सगळं समोर मांडलं. पाजणाऱ्या आईला चालते अशी वेगळी गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, तांबी, त्याचं ऑपरेशन, माझं ऑपरेशन. कशानं काय होतं, कशाचा काय त्रास, काय काढून टाकता येतं आणि काय कायमचं. कुठलीच त्यांनी चांगली म्हटली नाही आणि कुठलीच वाईट म्हटली नाही. म्हणाल्या, "तुझ्या दिवसात काय बसतं ते बघ."

मी तांबी घेतली. अनेक वर्षांची निवांती, काढावीशी वाटली तर काढता येते, दुधाला काही होत नाही, आठवण ठेवावी लागत नाही. सुरुवातीला पाळीत रक्त जास्त जाईल, पोट दुखेल, हे त्यांनी आधीच सांगितलं. तसं झालंही. ते मी सोसलं, कारण ते माहीत असून मी निवडलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलं ते हे, की तिचं पाकीट नसतं. ती कपाटात सापडत नाही, बंद कर म्हणून कोणाला सांगता येत नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तांबी वर चढते, काळजापर्यंत जाते." मी म्हटलं, "जाऊ द्या. तिथं जागा आहे."

मुलगा वर्षाचा झाला आणि मी पुन्हा दुसऱ्या वर्षाला जायला लागले. शाळेत नववीचा वर्ग मिळाला. आणि पुन्हा भाद्रपद आला. सासूबाई बाजारातून आल्या, पिशवी रिकामी केली, आणि खणाच्या घडीखालून ती पट्टी काढून माझ्या पुढं धरली.

"घेऊन घे. तुझी तारीख तेव्हाचीच आहे."

"मी नाही घेणार, आई."

"अवं, तुझं ते आत बसवलेलं आहे ना? आता कसली भीती?"

"भीती नाही. मला नाही घ्यायची. पाळी आली तर येईल. सोवळं तुम्ही पाळता, तुम्ही पाळा. मी बाजूला बसेन."

"आणि सोळा भाज्या?"

"तुमचा मुलगा रजेवर आहे ना."

पाळी आली, जेवणाच्या दिवशी सकाळीच. मी बाहेरच्या खोलीत चटईवर माझी वह्या-पुस्तकं घेऊन बसले. बाजूला बसायची मला काही हौस नाही. शाळेत पाळीच्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहते तेव्हा फळा काही विटाळत नाही. पण त्या दिवशी एक लढाई पुरे होती. आत नवरा सोवळं नेसून घामाघूम झालेला, पुरण वाटून वाटून हात भरून आलेले, आणि सासूबाई त्याला पडवळ कसा चिरायचा ते शिकवताहेत. दुपारी तो दाराशी आला, लांबूनच, आणि पदरानं पुसावं तसं उपरण्यानं तोंड पुसत म्हणाला, "एक गोळी घेऊन घेतली असती तर काय झालं असतं तुझं?"

"काय झालं असतं," मी म्हटलं, "ते अंगणात खेळून राहिलं बघा."

तो उपरणं सावरत आत गेला.

आरतीच्या वेळी घर पाहुण्यांनी भरलं. मुलगा नुकताच चालायला लागलेला, त्याला कोण आवरणार? तो डुलत डुलत बाहेरच्या खोलीत आला, माझ्या मांडीवर चढला, माझ्या गळ्यात पडला, माझ्या पदराला नाक पुसलं आणि जसा आला तसा परत गेला. सरळ आत, महालक्ष्म्यांपुढं. तिथं देवीची लेकरं बसवली होती, त्यांच्या शेजारी जाऊन तो फतकल मारून बसला आणि ताटातली करंजी उचलली.

"शिवला, शिवला! तिला शिवून आला तो!" सासूबाई ओरडल्या. "काढा त्याला तिथून!"

पण काढणार कोण? सासूबाई सोवळ्यात, नवरा सोवळ्यात, नागपूरहून आलेली नणंद सोवळ्यात. जो त्याला हात लावेल त्याचं सोवळं मोडणार, आणि आरती तर आत्ता व्हायची होती. पाहुण्यांना सोवळ्याशिवाय आत शिरता येत नव्हतं; सगळे हात आखडून उभे. तो करंजी खात होता.

"मी येऊन उचलू का, आई?" मी चटईवरूनच विचारलं.

"तू नको येऊस आत!"

"मग असू द्या ना तिथंच. देवीनं दिलेला प्रसाद आहे, तुम्हीच म्हणता. देवीला चालेल."

  सासूबाई वळल्या आणि त्यांनी निरांजन पेटवलं. घंटा वाजायला लागली. माझा मुलगा देवीच्या लेकरांत बसून टाळ्या वाजवत होता. मी आरतीला उठले नाही, मला उठायला कोणी सांगणारही नव्हतं. उद्या सकाळी नववीला शिकवायच्या धड्याचा लेसन प्लॅन अर्धा राहिला होता, तो मी पूर्ण करायला घेतला.